स्लॅबखालचा खान्देश

मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास जळगाव-धुळ्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. शाळेत भूगोलाच्या तासाला ही गंमत म्हणून सांगितली जाते. घर बांधताना मात्र तिची आठवण कुणाला होत नाही. त्या दिवसांत उन्हाचा सगळा मार छपरावर असतो. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास नसतेच, आणि दुपार कलली की पश्चिमेची भिंत तापायला लागते, तीही नेमकी हवा सर्वात गरम असते तेव्हा. डिसेंबरात हाच सूर्य दक्षिणेकडे एवढा कलतो की भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४५-४६ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर साधा दीड-दोन फुटांचा छज्जा असला, तर उन्हाळ्याचे ऊन बाहेर राहते आणि हिवाळ्याचे आत येते. २१ अक्षांशावर राहणाऱ्यांना मिळालेली ही फुकटची सवलत आहे. आपण ती घेत नाही. प्लॉटचे तोंड असेल त्या तोंडाचे घर बांधतो, वर पाच इंचांचा उघडा स्लॅब टाकतो आणि मग त्याच्याखाली एप्रिल ते जून कसे काढायचे याचा विचार करत बसतो.

‘पर्यावरणपूरक घर’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. कोकणात किंवा मुळशीकडे एखाद्या सुखवस्तू कुटुंबाने हौसेने बांधलेले मातीचे घर, बांबूचा जिना, कोब्याची जमीन. दिवाळी अंकांत अशा घरांची छायाचित्रे छापून येतात आणि ती खरोखर देखणी असतात. पण जळगावच्या पिंप्राळ्यात किंवा धुळ्याच्या देवपुरात हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर कर्ज काढून घर बांधलेल्या शिक्षकाला, एमआयडीसीतल्या कामगाराला किंवा चोपड्याच्या केळी बागायतदाराला त्या चित्रातून हाती काही लागत नाही. त्याचे घर बांधून झालेले आहे. डोक्यावर स्लॅब आहे, नळाला रोज पाणी येत नाही, आणि मे महिन्याचे वीजबिल उघडताना पोटात गोळा येतो. ही प्रस्तावना ज्याची आहे ते लेखांचे पुस्तक त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. संपादकांनी लेख मागवतानाच अट घातली होती की उभ्या घरात जे करता येईल तेच सांगायचे. ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण घर पाडून पुन्हा बांधणे, मग ते कितीही ‘हिरवे’ असो, हा पर्यावरणावरचा मोठाच खर्च असतो.

खान्देशची हवा हा या विषयाचा पाया आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधून तापी आणि तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर. समुद्र लांब, उंची कमी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तर कुणी दचकत नाही. केळीवाले ‘मे हीट’ म्हणून पीकविम्याचा अर्ज काढतात आणि कामाला लागतात. हिवाळ्यात धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पाऊस पाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही थोड्या दिवसांत उरकणारा. उन्हाळ्याची हवा मात्र कोरडी असते, आणि हा गुण आपण पुरेसा ओळखलेला नाही. मुंबईत घाम वाळत नाही. इथे ओले फडके दोरीवर टाकले की बघता बघता वाळते. पाण्याने हवा गार करण्याची सोय मुंबईकराला नाही, आपल्याला आहे. रात्री हवा उतरते, तिचाही उपयोग करून घेता येतो.

आपल्या पणज्यांनी या हवेला दिलेले उत्तर म्हणजे धाब्याचे घर. मातीच्या किंवा दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांबांवर सर, सरांवर कड्या, त्यांवर किलचण आणि त्यावर हातभर माती. सर्वात वर खाऱ्या मातीचा थर, म्हणजे गवत उगवत नाही आणि पाणी आत उतरत नाही. एवढ्या मातीतून दुपारची उष्णता खाली पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री माणसे खाली नसतातच. ती खाटा घेऊन धाब्यावर गेलेली असतात. स्लॅबचे नेमके उलटे आहे. दुपारी प्यालेली उष्णता तो चार-पाच तासांनी खोलीत सोडतो, म्हणजे माणसे कामावरून घरी येतात त्या वेळेला. पंखा लावला की तीच हवा डोक्यावर येते.

म्हणून धाब्याच्या नावाने गळा काढायचा, असे या पुस्तकाचे म्हणणे नाही. दर पावसाळ्याच्या तोंडी धाब्यावर माती चढवायची, ती चोपायची, आठवड्या-पंधरवड्याला भुई सारवायची, भिंतींना पोतेरे द्यायचे. हे काम कोण करत होते? घरातल्या बायका. त्या गार घराच्या कौतुकात त्यांच्या कमरेचा हिशेब क्वचितच मांडला जातो. शिवाय अंधार, गळती, उंदीर, विंचू. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे ज्या घरांखाली गाडली गेली त्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या होत्या आणि माथ्यावर मातीची जड छपरे होती. मराठवाड्यातला तो धक्का साऱ्या महाराष्ट्राने मनावर घेतला, आणि मातीच्या घराला ‘कच्चे’ म्हणण्याला त्या दिवसापासून भीतीचीही जोड मिळाली. पुढे २०१६ पासून पंतप्रधान आवास योजनेने ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये दिले. त्या पैशांत होते ते छोटे, विटा-सिमेंटचे घर. मुलीचे स्थळ बघायला गेलेला माणूसही आधी स्लॅब पडला आहे का ते बघतो. स्लॅब हा आपल्याकडे प्रतिष्ठेचा, सुरक्षिततेचा आणि बायकांच्या सुटकेचा भाग होऊन बसला आहे. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. त्याला सुधारणे हाच मार्ग आहे. माझ्या मते या पुस्तकाची खरी भूमिका इथे आहे.

पर्यावरणपूरक घराच्या विचाराचा इतिहास सांगताना लोक सहसा परदेशातून सुरुवात करतात. आपल्याला तशी गरज नाही. डिसेंबर १९३६ मध्ये तेव्हाच्या पूर्व खान्देशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे उभारलेले टिळकनगर बघायला आलेले लोक चकित झाले, कारण मंडप, कमानी, प्रदर्शनाची दालने हे सारे बांबू, चटया आणि परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून उभे केले होते. सजावटीसाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले होते, आणि खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचे उद्घाटन खुद्द गांधीजींनी केले. त्याच वर्षी ते वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला गेले होते. तिथली बापूकुटी याच विचाराची. घर बांधायला लागणारे सामान पाच मैलांच्या आतले असावे, हे गांधीजींचे म्हणणे पुढे लॉरी बेकर यांनी आयुष्यभर सांगितले. फैजपूरचे नगर तात्पुरते होते हे खरे. तरीही एवढी माणसे सामावणारे गाव आसपासच्या वस्तूंतून उभे राहू शकते, याचा जाहीर प्रयोग आपल्याच यावल तालुक्यात झाला होता. फैजपूर म्हटले की आपण नेत्यांची भाषणे आठवतो. बांबूच्या त्या कमानी कुणाला आठवत नाहीत.

बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले बेकर १९४५ साली भारतात आले आणि पुढे केरळचे झाले. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी त्यांची भिंत साधारण पाव हिस्सा विटा वाचवते, आणि मधली हवा ऊन अडवते. त्याच सुमारास इजिप्तमध्ये हसन फती यांनी लक्झरजवळ मातीच्या विटांचे गाव वसवायला घेतले होते. दोघांचा सूर एकच: आधी हवा आणि माती बघा, मग आराखडा काढा. आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी अहमदाबादच्या उष्ण हवेसाठी काढलेले अरुंद, वरून हवा सोडणारे घर याच वाटेवरचे. हा पहिला प्रवाह. १९७३ च्या तेलटंचाईनंतर दुसरा प्रवाह जोरात आला, तो यंत्रांचा. गोबरगॅस, सौरचूल, सुधारित चूल. गोबरगॅसचे काम आपल्या देशात त्याच्याही आधीचे आहे, आणि महाराष्ट्रात त्याला नवे वळण दिले ते पुण्याच्या आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने. शेणाऐवजी स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या त्यांच्या छोट्या संयंत्राला २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. तिसरा प्रवाह गच्चीचा आणि परसबागेचा. श्रीपाद अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने घरातला पालापाचोळा आणि सांडपाणी यांवर भाजी कशी पिकते ते मराठी कुटुंबांना दाखवून दिले.

चौथा प्रवाह प्रमाणपत्रांचा. अमेरिकेतून आलेले ‘लीड’, हैदराबादेत २००१ साली सुरू झालेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, ‘टेरी’ने आखलेले ‘गृह’. यांविषयी मला फारसा उत्साह नाही. काचेची इमारत बांधायची, तिला दिवसरात्र वातानुकूलन जोडायचे आणि मग गुण मोजून तिला तारे द्यायचे, हा प्रकार जळगावच्या गल्लीतल्या घराला काहीच शिकवत नाही. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात १९९१ साली झालेले ‘पॅसिव्ह हाउस’ कमालीचे हुशार घर आहे, पण ते ऊब धरून ठेवण्यासाठी जन्मले. आपली अडचण ऊब बाहेर घालवण्याची. या प्रवाहातून सामान्य माणसाच्या हाती दोनच गोष्टी आल्या, पण दोन्ही मोलाच्या आहेत. एक, २००६ पासून घरगुती विजेच्या उपकरणांवर दिसू लागलेले तारे. दोन, २०१८ ची ‘इको निवास संहिता’. घरांसाठी केलेल्या या नियमावलीत छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे, आणि आपला नुसता उघडा स्लॅब त्या मर्यादेत बसतच नाही. गवंड्याला विचाराल तर तो या संहितेचे नाव ऐकून हसेल. संहिता त्याच्यापर्यंत पोहोचवायला अशी पुस्तके लागतात.

मराठीत या विषयाची परंपरा चांगली आहे. दिलीप कुलकर्णी यांनी ‘निसर्गायण’सारखे पुस्तक लिहिले, ‘गतिमान संतुलन’ हे नियतकालिक चालवले आणि साधेपणाने राहणे ही काय चीज आहे ते दापोलीजवळ कुडावळ्याला जगून दाखवले. अतुल देऊळगावकर यांनी लॉरी बेकर मराठीत आणले, तेही भूकंपानंतरच्या लातूरच्या पार्श्वभूमीवर. पण एकूण बघता हे लेखन कोकण, पुणे आणि मराठवाड्याच्या हवेतले. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतले सल्ले तर बहुतेक पुण्याच्या हवेचे असतात: खिडक्या उघड्या ठेवा, वारा खेळू द्या. खान्देशात मे महिन्यात दुपारी दोनला खिडकी उघडली तर भट्टीचे तोंड उघडल्यासारखे होते. इथला नियम उलटा आहे. सकाळी आठ-नऊनंतर घर बंद, पडदे ओढलेले. सूर्य मावळला की सगळे उघडे. आपल्या आजीला हे ठाऊक होते. पुस्तकांना नव्हते.

आता छपर. त्यावर या पुस्तकात सर्वाधिक पाने आहेत आणि ती योग्यच आहेत. गच्चीला चुना लावणे हा यातला सर्वात स्वस्त उपाय. विरलेला चुना, त्यात चिकटण्यासाठी थोडा डिंक किंवा फेविकॉल, दोन-तीन हात. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो आणि खालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. दरवर्षी पुन्हा लावावा लागतो ही त्याची कुरकुर. त्याहून टिकाऊ हवे तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर आहे. त्याहून चांगली सावली: हिरवी नेट, वेलींचा मांडव किंवा सौर पॅनेल. पॅनेल वीज देते हे सगळे सांगतात. ते स्लॅबवर सावली धरते हे कमी लोक सांगतात. २०२४ पासूनच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. असा संच दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास वीज देतो आणि त्याला सुमारे तीनशे चौरस फूट जागा लागते. विक्रेते एक गोष्ट सहसा बोलत नाहीत. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. ते २५ अंशांच्या वर जसजसे तापते तसतशी दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल साठ-पासष्टवर गेले की सहावा-सातवा हिस्सा तिथेच जातो. म्हणून ते स्लॅबला चिकटवू नये; खालून वारा जाईल इतके उंच बसवावे, आणि धूळ पुसावी.

विजेची गोष्ट खान्देशात विशेष बोचते, कारण ती इथेच तयार होते. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो. पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन संच आणि त्यांच्या राखेचे ढीग आपल्या डोळ्यांसमोर आहेत. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. कोळसा, वारा, ऊन तिन्ही आपल्या अंगणात, आणि घरातला पंखा मात्र अजून ७५ वॅटचा. नव्या बीएलडीसी पंख्याला तीस-पस्तीस वॅट पुरतात. दिवसाचे पंधरा तास पंखा चालणाऱ्या घरात एकेका पंख्यामागे महिन्याला अठरा युनिट वाचतात, आणि ग्रिडमधल्या प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आधी पंखे बदलावेत, मग सौर संच घ्यावा. उलट्या क्रमाने जाणारे जास्त मोठा संच घेतात आणि जास्त पैसे घालतात.

कूलरविषयी मात्र मला थोडे थांबायचे आहे, कारण खान्देशचा खरा पेच त्यात आहे. कोरड्या हवेत कूलरसारखे कमी विजेचे साधन नाही. एसीच्या तुलनेत तो विजेचा फार थोडा हिस्सा खातो, आणि त्यात कोणताही हानिकारक वायू भरावा लागत नाही. पण तो पाणी पितो. मोठा पत्र्याचा कूलर तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी उडवतो. दहा तास चालला तर शंभर लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे एक कूलर दोन माणसांचे पाणी हवेत सोडतो. ज्या धुळ्यात नळाला पाणी यायला अनेक दिवस वाट बघणे नेहमीचे आहे, तिथे हा हिशेब दुर्लक्षून चालत नाही. वीज वाचवायची की पाणी? या पुस्तकातले लेखक यावर एकमेकांशी सहमत नाहीत, आणि संपादकांनी तो वाद तसाच ठेवला हे बरे केले. माझे मत विचाराल तर आधी स्लॅबवर सावली करून कूलरचे तास निम्म्यावर आणावेत. समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोली फक्त दमट होते. आणि आरओ यंत्राचे सोडलेले पाणी कूलरमध्ये ओतण्याची युक्ती करू नये. त्यातल्या क्षारांनी वाळ्याच्या ताट्या दगडासारख्या होतात. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरावे.

घरात पाणी आणायचे कसे याची एक बाजू गच्चीवरच आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के धरला, तर सुमारे ४५ हजार लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे चार टँकर, आणि वर थोडे. ते साठवायचे की जमिनीत सोडायचे, हे जमीन ठरवते. यावल-रावेरच्या तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत पाणी खोल उतरते आणि तिथल्या विहिरी-कूपनलिका केळीसाठी इतक्या उपसल्या गेल्या आहेत की पुनर्भरण हे कर्तव्यच झाले आहे. साक्री-धुळ्याकडे काळा पाषाण. तिथे खड्डा कुठेही खणून चालत नाही, भेग किंवा मुरूम सापडावा लागतो. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले खोल-रुंद करून त्यांवर दारे नसलेले बंधारे घातले, तेही खालचा थर वाचूनच. घरापुढचा शोषखड्डा हा त्याच अभ्यासाचा लहान भाऊ मानावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेऊन गटारे आणि डास दोन्ही घालवले. आपल्या गावांना ते अवघड नाही. पाणी जपून, पाळीने वाटून घेण्याची अक्कल तर पांझरेकाठच्या फड पद्धतीने इथल्या शेतकऱ्याला काही शतकांपूर्वीच दिली होती.

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवणे ही गेल्या वीस वर्षांत खान्देशच्या शहरांनी आपल्या घरांशी केलेली सर्वात वाईट गोष्ट, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी मुरत नाही, ब्लॉक तापतात, आणि निंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेल्यामुळे झाड वठते. पश्चिमेला निंब लावावा, पण काळ्या मातीत भिंतीपासून लांब. ही माती ओलीने फुगते आणि वाळली की आक्रसते. झाडाची मुळे तिची ओल शोषतात आणि पाया हलतो.

कचऱ्याचे थोडक्यात सांगतो. ओला कचरा इथे उन्हाळ्यात कुजत नाही, वाळतो. खताच्या डब्याला सावली आणि पाण्याचा शिडकावा लागतो, आणि गांडुळे उघड्यावर मरतात. सुक्याचे म्हणाल तर जळगावच्या एमआयडीसीत जुन्या प्लॅस्टिकपासून चटया विणल्या जातात आणि त्या देशभर, परदेशातही जातात. घरातले प्लॅस्टिक धुऊन, वेगळे ठेवून भंगारवाल्याला दिले तर त्याची चटई होते. खरकट्यात कालवले तर कचरा डेपोत जळते. यासाठी कुठलेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

सातपुड्यातली आणि साक्रीच्या डोंगरातली घरे वेगळी. पावरा, भिल्ल, कोकणा कुटुंबांची कुडाची, कौलारू घरे मुळातच हलकी आहेत; तिथला प्रश्न स्लॅबचा नाही, चुलीचा आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने तो जंगलापासून सोडवायला घेतला. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले, कुऱ्हाडबंदी केली, आणि २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. सरपण कमी लागावे म्हणून घरातली चूल बदलायची आणि घरात सरपण आणणाऱ्या बाईचे पायही वाचवायचे, ही दोन कामे तिथे एकच आहेत. शहरातल्या वाचकाने त्या गावाकडे सहल म्हणून बघू नये.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भाड्याने राहणाऱ्यांसाठी यात कमी आहे. गच्ची त्यांची नसते, आणि चुना लावायला घरमालकाला कसे राजी करावे याचा मंत्र अजून कुणाला सापडलेला नाही. अपार्टमेंटच्या मधल्या मजल्यावरच्यांना छपरावरची पाने उपयोगाची नाहीत. त्यांनी पश्चिमेच्या खिडकीपासून सुरुवात करावी. किमती यात दिल्या नाहीत, कारण त्या छापेपर्यंत बदलतात. आकृत्या मात्र भरपूर आहेत आणि त्या गवंड्याला दाखवता येतील अशा आहेत. वाचून झाले की पुस्तक कपाटात ठेवू नये, कामावरच्या मिस्त्रीच्या हातात द्यावे.

वाचकांना एकच विनंती. सगळे एकदम करू नका. होळी झाली की गच्ची झाडून घ्या आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत चुना लावून टाका. त्या मे महिन्याचे बिल मागच्या वर्षीच्या बिलाशेजारी ठेवा, आणि पटले तरच पुढचे पान उघडा.